भूतबंगल्यातला ओळंबा

नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर सकाळी चालायला येणाऱ्या आमच्या मंडळींत सध्या दोन तट पडले आहेत. निमित्त एका फोटोचं. कुठल्याशा जुन्या बंगल्याचं फाटक आणि त्यावर लोखंडात घडवलेली खूण: वर कर्कटक, खाली गुण्या. ही सैतानाला भजणाऱ्या फ्रीमेसन लोकांची निशाणी आहे आणि हेच लोक पडद्याआडून जग चालवतात, असं खाली कुणीतरी लिहिलेलं. चालणं संपवून तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर विषय निघाला तो निघालाच. निम्म्यांनी माना डोलावल्या. आमच्यातले एक निवृत्त अधिकारी स्वतः मेसन आहेत, म्हणजे गवंड्यांच्या हत्यारांना चिन्हं मानणाऱ्या या जुन्या बंद संघटनेचे सभासद. त्यांनी हसून विषय झटकला. "काही नाही हो, महिन्यातून एकदा भेटतो, जेवतो, रक्तदान शिबिरं घेतो. चिन्हंबिन्हं म्हणजे जुनी रीत, दुसरं काय!" वाद मिटला असं सगळ्यांना वाटलं. मला वाटतं, तो तिथंच खरा बिघडला.

पहिल्या पक्षाचं म्हणणं खोटं आहे, पण चिन्हाला काही अर्थ असतो एवढं तरी तो पक्ष धरून चालतो. दुसऱ्याने स्वतःच्याच घरातला हंडा भंगारवाल्याला देऊन टाकला. शिबिरं घ्यायला आणि शाळांना पंखे वाटायला गावात संस्थांची काय कमी आहे? त्यासाठी कुणी डोळे बांधून घेऊन दार ठोठावत नाही. लॉजमध्ये, म्हणजे मेसनांच्या शाखेत, जपण्यासारखं काही असेल तर ती चिन्हंच, असं माझं मत आहे. लॉजला जाब विचारायचा असेल तर तोही गुपितावरून नको, त्याच चिन्हांच्या मापाने विचारावा. त्या मापाला लॉज पुरतं उतरत नाही, असंही मला वाटतं. त्याकडे येतेच.

मी हे बाहेरून लिहिते आहे. सभासद नाही, आणि बाई असल्यामुळे या पुरुषांच्या लॉजमध्ये होऊही शकत नाही. पण ती हत्यारं माझ्या घरातली आहेत. वडील नागपुरातल्या महाल भागात घरं बांधायचे, लहानसे ठेकेदार होते. त्यांच्याकडच्या मिस्त्रीच्या पिशवीत थापी, पातळी बघायची पाणसळ, काटकोनाचा गुण्या, सूत आणि भिंत सरळ उभी आहे का ते दाखवणारा पितळी ओळंबा असायचा. ओळंब्याला तो आम्हा पोरांना हात लावू देत नसे. एकदा भिंतीचे तीन थर चढल्यावर त्याने ओळंबा सोडला तर भिंत बोटभर बाहेर निघाली. "गिलाव्यात जाईल," वडील म्हणाले. मिस्त्री काही बोलला नाही. त्याने तिन्ही थर उतरवले आणि संध्याकाळी मजुरी घेताना त्या दिवसाचे पैसे परत केले. पुढे कित्येक वर्षांनी मेसनांच्या दीक्षेच्या तीन पायऱ्यांपैकी दुसऱ्या पायरीची हत्यारं गुण्या, पाणसळ आणि ओळंबा हीच आहेत असं वाचलं, तेव्हा मला सैतान आठवला नाही. आमचा मिस्त्री आठवला. तसं पाहिलं तर सैतानाच्या त्या दोन्ही खुणा पाचवीपासून प्रत्येक मराठी पोराच्या कंपासपेटीत असतातच.

हे सगळं इजिप्तच्या पिरॅमिडांतून किंवा धर्मयुद्धांतल्या टेम्प्लर शूरांच्या तळघरातून आलं, ही आवड मेसनांचीही आहे आणि त्यांच्या वैऱ्यांचीही. कागद सांगतात ते साधं आहे. इंग्लंडमध्ये 1400 च्या आसपासचं, गवंड्यांचे नियम पद्यात सांगणारं हस्तलिखित मिळतं. स्कॉटलंडमध्ये 1598 आणि 1599 साली विल्यम शॉने गवंड्यांच्या लॉजना नियम घालून दिले. सतराव्या शतकात त्या लॉजमध्ये दगडाला कधी हात न लावलेली माणसं येऊ लागली. इलायस अॅशमोल 1646 मध्ये वॉरिंग्टनला सभासद झाला, तो गवंडी नव्हता. 24 जून 1717 ला लंडनमधल्या चार लॉजनी एका दारूच्या गुत्त्यात जमून ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांच्या वरचं मंडळ, काढलं, असं परंपरा मानते. म्हणजे कारागिरांची जी श्रेणी, जो धंद्याचा संघ होता, त्याचं विचार करणाऱ्यांचं मंडळ झालं. आपल्याकडेही कारागिरांच्या श्रेणी होत्या, त्यांच्या शपथा होत्या, विद्या बाहेर न जाऊ देण्याची शिस्त होती. म्हणून 'हे सारं आमच्या वेदांतूनच चोरलंय' असं आमच्यातल्या एकाने लगेच जाहीर केलं. विश्वकर्मा आपला आहे आणि 'विश्वाचा महान शिल्पकार' त्यांचा आहे. दगड घडवणाऱ्या दोन माणसांना एकच देव सुचला, तर कुणी कुणाचं चोरलं असं का म्हणावं?

आता चिन्हांकडे. लॉजमध्ये दोन दगड ठेवलेले असतात, एक खाणीतून काढलेला ओबडधोबड आणि एक घडवून चौकोनी केलेला. नवा सभासद म्हणजे पहिला दगड. त्याला जी हत्यारं समजावून देतात त्यांत हातोडा असतो, छिन्नी असते आणि चोवीस इंची गज असतो. चोवीस इंच म्हणजे दिवसाचे चोवीस तास. काही प्रार्थनेला, काही कामाला आणि विश्रांतीला, काही गरजू मित्राला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण ज्या भाषेत घरोघरी बोलली जाते त्या भाषेला हा दगड परका कसा वाटावा? फरक आहे तो जागेचा. आपल्या म्हणीतला दगड शेवटी मूर्ती होऊन गाभाऱ्यात एकटा बसतो. लॉजमधला दगड चौकोनी होतो तो दुसऱ्या दगडाला लागून भिंतीत बसण्यासाठी. मला ही कल्पना जास्त आवडते, हे कबूल करते.

दुसरा प्रसंग पहिल्या पायरीच्या विधीतला. उमेदवाराच्या डोळ्यांवर पट्टी, गळ्यात दोर, एक गुडघा उघडा, अंगावर पैसा किंवा धातूची वस्तू नाही. ह्या अवताराची टवाळी तीनशे वर्षं चालली आहे. पण पुढे काय होतं ते पाहा. डोळ्यांवरची पट्टी निघते, पण अंगावर अजून पैसा नसतो, तेव्हा त्याच्याकडे गरिबांसाठी दान मागतात. तो खिसा चाचपतो. खिशात काही नाही. चारचौघांत त्याला 'माझ्याजवळ काही नाही' असं म्हणावं लागतं. मग सांगतात: कधी कुणी तुझ्यासमोर रिकाम्या हातांनी उभा राहिला तर ही घटका आठव. मुंजीत बटू भिक्षावळ मागतो आणि आई, मावश्या, आत्या ताट भरून घालतात. मागण्याची लाज मोडावी म्हणून तो विधी आहे. इथं उलट आहे. जो सुटाबुटात आला, ज्याला देण्याची सवय आहे, त्याला न देता येण्याची लाज भोगायला लावतात. ज्याला हा क्षण खरोखर लागला त्याच्याकडून रक्तदान शिबिर होईलही. पण ते त्या क्षणाचं फळ झालं. माझ्या ओळखीच्या अधिकाऱ्यांनी फळ दाखवलं आणि झाड जुनी रीत म्हणून बाजूला सारलं, हीच माझी तक्रार.

तिसऱ्या पायरीत सॉलोमनच्या मंदिराचा मुख्य कारागीर हिराम याची कथा येते. शब्द सांग म्हणून तिघे जण त्याला मंदिराच्या तीन दारांवर अडवतात. तो सांगत नाही, मारला जातो, आणि खरा शब्द त्याच्याबरोबर हरवतो. उमेदवाराला हिरामच्या जागी उभं करतात. तो मरतो आणि उचलला जातो. बायबलमधल्या हिरामच्या नशिबी असं मरण नाही, ही कथा अठराव्या शतकातली रचना दिसते. असू दे. आपलं मरण आपल्या डोळ्यांनी पाहण्याची भाषा वारकऱ्याच्या घरात वाढलेल्याला नवी नाही. मला यात जास्त मोलाचं वाटतं ते पुढचं: खरा शब्द सापडत नाही, तात्पुरता एक शब्द घेऊन काम पुढे चालतं. सत्य आमच्या खिशात आहे असं म्हणणाऱ्या पंथांच्या गर्दीत, आमचा शब्द हरवला आहे आणि हा बदली शब्द आहे असं विधीतच कबूल करणारे किती?

आणि 'गुपित'? मी हे सगळं लिहू शकते, कारण 1730 सालीच सॅम्युएल प्रिचर्डने लंडनमध्ये विधीची प्रश्नोत्तरं छापून टाकली. त्याला आता तीन शतकं होत आली. खुणा, शब्द, शपथा, सगळं छापील आहे. जे छापून उघडं पडत नाही ते विधीतून जाण्याचं गुपित. पोहण्यावरचं पुस्तक वाचलेल्याला अंबाझरी तलावात ढकललं तर काय होईल, तेवढंच ते गुपित आहे.

तरी गुपितावरचा सगळ्यात जोरकस आक्षेप मी टाळणार नाही. तो सैतानाचा नाहीच. न्यायाधीश, पोलीस अधिकारी, मंत्री आणि ठेकेदार एका बंद खोलीत एकमेकांना भाऊ म्हणत असतील, तर बाहेरच्याला न्याय मिळेल याची खात्री काय? हा प्रश्न खरा आहे. इटलीत 1981 मध्ये लिचो जेल्लीच्या मालमत्तेवर धाड पडली तेव्हा तो चालवत असलेल्या 'प्रोपागांदा दुए' या लॉजची 962 नावांची यादी सापडली. त्यात मंत्री होते, सेनाधिकारी होते, हेरखात्याचे प्रमुख होते; सरकार कोसळलं. 'बघा, आम्ही म्हणत नव्हतो!' असं म्हणायला ही यादी पुरेशी वाटते. पण त्यातला एक तपशील विसरला जातो. इटलीच्या ग्रँड ओरिएंटने, म्हणजे तिथल्या मेसनांच्या वरच्या मंडळाने, त्या लॉजची सनद 1976 मध्येच काढून घेतली होती. जेल्लीने लपवलं काय? विधी नव्हे, नावं. आणि ही नावं इतर मेसनांपासूनही लपवलेली होती.

हा भेद मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि आपल्या इतिहासात त्याचे दोन उत्तम दाखले आहेत. वऱ्हाडातल्या रिद्धपूरशी नातं सांगणाऱ्या महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांत शतकानुशतकं बंद ठेवले. आत काय आहे ते कळेना, तेव्हा लोकांनी वाईटात वाईट तेच आत आहे असं धरलं. त्यांच्याविषयीचा तो संशय भाषेत असा मुरला की 'मानभावी' हा शब्द ढोंगी माणसासाठी आपण आजही बिनदिक्कत वापरतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी लिपीची किल्ली लावली आणि पेटी उघडली. आत जारणमारण नव्हतं. मराठीतलं आद्य गद्य होतं. दुसरा दाखला 1849 मध्ये मुंबईत निघालेल्या परमहंस सभेचा. दादोबा पांडुरंगांसारखी माणसं तिच्यात होती. जात मोडण्यासाठी ख्रिस्त्याच्या हातचा पाव खायचा, पण दार लावून. 1860 मध्ये सभासदांच्या नावांची वही चोरीला गेली आणि सभा विखुरली. महानुभावांनी ग्रंथ लपवला, त्यांची बदनामी झाली पण पंथ टिकला. परमहंसांनी नावं लपवली, आणि नावं फुटताच सगळं संपलं. तेरा वर्षांनी फुल्यांनी सत्यशोधक समाज उघड्यावर काढला, हे त्यांनी त्यातून शिकून केलं की स्वभावानेच, कोण जाणे.

तेव्हा विधी खुशाल बंद ठेवा, नावं मात्र उघडी हवीत. सरकारी खुर्चीवर बसणाऱ्याने लॉजचं सभासदत्व जाहीर करावं, जसं कुठल्याही हितसंबंधाचं करावं. ब्रिटनमध्ये नव्या न्यायाधीशांना 1998 पासून हे सांगावं लागत होतं. 2009 मध्ये तो नियम मागे घेतला. मला ते पटलेलं नाही. फाटकावर गुण्या टांगणाऱ्याला आपलं नाव सांगताना संकोच का वाटावा? पण बंदी घाला म्हणणाऱ्यांनी ज्यांनी ती घातली त्यांची रांगही एकदा बघावी. मुसोलिनी, हिटलर, 1940 मध्ये खास कायदा करणारा फ्रँको, कम्युनिस्ट रशिया, 1972 मध्ये पाकिस्तान. जुलमी लोक ज्याच्यावर चिडले तो निर्दोषच, असं मी म्हणत नाही. चोरावरही जुलूम होऊ शकतो. पण एकमेकांचे गळे धरणाऱ्या या सगळ्यांना एकाच खोलीची भीती का वाटावी? त्या खोलीत वेगवेगळ्या धर्मांची माणसं बसतात आणि धर्मावर, राजकारणावर वाद घालायला तिथं मनाई असते. आपल्याकडच्या लॉजमध्ये तर गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, गुरु ग्रंथसाहिब एकाच पीठावर उघडे असतात. पोपने 1738 मध्ये पहिली बंदी घातली ती वेगवेगळ्या पंथांची माणसं असं एकत्र बसतात म्हणूनही होती.

इथवर मी लॉजची वकिली केली. आता ओळंबा सोडते.

हिंदुस्थानात लॉज आलं ते कंपनीच्या मागोमाग. पहिलं कलकत्त्याला, 1730 मध्ये. छावणी तिथं लॉज अशी वाढ झाली. रात्री दिवे, बंद खिडक्या, दाराशी तलवार घेतलेला पहारेकरी. लोकांनी 'जादूघर' आणि 'भूतबंगला' म्हटलं यात नवल नाही. पण खरं भूत वेगळं होतं. पाणसळ हे समतेचं चिन्ह आहे असं दर सभेत म्हणायचं आणि दारात काळा माणूस आला की दार लावायचं. माणेकजी करसेटजींना मुंबईत नकार मिळाला, त्यांना पॅरिसला जाऊन दीक्षा घ्यावी लागली. मग 1843 मध्ये जेम्स बर्न्स या स्कॉटिश मेसनने हिंदी लोकांसाठी वेगळं लॉज काढलं. वेगळं! कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार दत्तांनी नऊ वर्षं झगडून 1872 मध्ये प्रवेश मिळवला. हिंदूंचे देव अनेक, मग ते शपथ कुणाची घेणार, हा त्यांच्याविरुद्धचा युक्तिवाद होता. तरीही इथं एक गोष्ट मेसनांच्या बाजूने पडते. दत्त झगडले ते लॉजचेच नियम पुढे करून. युरोपियन क्लबच्या पाटीसमोर असा युक्तिवाद चालला नसता, कारण क्लबने कधी पाणसळ टांगली नव्हती. चिन्ह भिंतीवर असलं की ते टांगणाऱ्यालाच कधीतरी अडवतं. बारा वर्षांनी, 1884 मध्ये, त्याच शहरात नरेंद्रनाथ दत्त नावाचा तरुण सभासद झाला. तो पुढे विवेकानंद म्हणून ओळखला गेला. 1961 मध्ये स्वतंत्र ग्रँड लॉज ऑफ इंडिया निघालं, आणि गोऱ्या-काळ्याचा हिशेब कागदावर तरी संपला.

दुसरा हिशेब संपलेला नाही. खंडेनवमीला आपण हत्यारांना हळदकुंकू वाहतो आणि उरलेलं वर्षभर हत्यारवाल्याला ओसरीवर वेगळ्या कपात चहा देतो. अशा समाजात वकिलाने, दिवाणाने, डॉक्टरने गवंड्याचं कातडी एप्रन कमरेला बांधायचं आणि माझं आयुष्य गवंडीकाम आहे असं म्हणायचं, ही लहान गोष्ट नव्हती. हाताने काम करणं हलकं मानणाऱ्या आपल्या पांढरपेशांना हा धडा कुठल्याच मुंजीत मिळत नाही. पण धडा तिथंच थांबला. हत्यारं आत घेतली, गवंडी बाहेर राहिला. प्रवेशाची फी, वर्गणी, जेवणाचा खर्च, ओळखीच्या दोघांची शिफारस. कुठेही 'गवंड्याला मज्जाव' असं लिहिलेलं नाही, लिहायची गरजही नाही.

याच गावात 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी लाखो लोकांना दीक्षा दिली. उघड्या मैदानावर, भर दिवसा, बावीस प्रतिज्ञा मोठ्याने म्हणवून. दीक्षेला बंद दार लागतंच हा मेसनांचा मुद्दा मला त्या मैदानाकडे पाहिलं की लंगडा वाटतो. त्यावर ते म्हणतील, आमची दीक्षा एकेकाची, जवळची. गर्दीत खिसा चाचपण्याची लाज कशी भोगवणार? उत्तर बरोबर आहे. मग एकेक करून का होईना, कुणाकुणाला बोलावलं एवढंच सांगा.

बायकांचं काय, हे विचारल्यावर 'लेडीज नाइट'चं निमंत्रण मिळतं. मी गेले आहे एकदा, वडिलांच्या स्नेह्यांबरोबर. जेवण चांगलं होतं. आतलं दार बंद होतं. मध्ययुगातले गवंडी पुरुष असत म्हणून ही परंपरा, असं मला समजावण्यात आलं. हे गृहस्थ व्यवसायाने दंतवैद्य होते. दगड न फोडणारा दंतवैद्य परंपरेत बसतो, मग आमच्या साइटवर डोक्यावरून घमेली वाहणाऱ्या, पोराला वाळूच्या ढिगावर निजवून विटा देणाऱ्या बायका का बसू नयेत? फ्रान्समध्ये 1893 पासून स्त्री-पुरुषांची एकत्र लॉज आहेत. अॅनी बेझंट 1902 मध्ये त्यात गेल्या आणि त्यांनी ती बनारसला आणली. इंग्लंडमध्ये 1908 पासून बायकांची स्वतंत्र संघटना आहे आणि पुरुषांच्या ग्रँड लॉजने 1999 मध्ये, त्यांचं काम रीतीला धरून चालतं, फक्त त्या बायका आहेत, अशा अर्थाचं निवेदनही काढलं. शपथेतल्या गळा चिरण्याच्या शिक्षा याच ग्रँड लॉजने 1986 मध्ये काढून टाकल्या. म्हणजे परंपरा बदलता येते. कधी बदलायची ते कोण ठरवतं, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर पाणसळ देत नाही, खुर्ची देते.

परवा हे सगळं मी त्या अधिकाऱ्यांना चालता चालता सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. माणूस सज्जन आहे. ओबडधोबड दगडाबद्दल त्यांनी मला दहा मिनिटं इतकं सुंदर सांगितलं की पोह्यांच्या ठेल्यावर हेच का बोलला नाहीत असं मी त्यांना विचारलं. "लोक हसतात हो," म्हणाले. तोवर आम्ही मजुरांच्या ठिय्यापाशी आलो होतो. आठ वाजत आले होते, चाळीस-पन्नास माणसं आणि पाच-सहा बायका कामाची वाट पाहत उभ्या होत्या. एकाच्या पिशवीतून थापीची मूठ आणि ओळंब्याची दोरी बाहेर लोंबत होती. मी विचारलं, "तुमच्या लॉजमध्ये एखादा गवंडी आहे का हो?"

ते थांबले. बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं.

"दोन आर्किटेक्ट आहेत," म्हणाले.